रशियन भाषकांना इंग्रजी फ्रेजल व्हर्ब आणि वाक्प्रचार शिकवताना

रशियन मातृभाषा असलेला विद्यार्थी इंग्रजी बोलताना 'कंटिन्यू', 'रिटर्न', 'एंटर', 'टॉलरेट' असे एकसंध शब्द निवडतो. 'गो ऑन', 'कम बॅक', 'कम इन', 'पुट अप विथ' असे फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापदामागे छोटा शब्द जोडून नवा अर्थ देणाऱ्या जोड्या, त्याला माहीत असतात, गाळलेल्या जागांमध्ये तो ते बरोबर भरतोही. पण बोलताना ते तोंडात येत नाहीत. व्याकरण चुकत नसल्यामुळे शिक्षकाच्याही हे लक्षात येत नाही. मग एखाद्या मीटिंगमध्ये समोरचा 'वी हॅड टु कॉल इट ऑफ' म्हणतो, आणि फोन कुणाला करायचा होता या विचारात विद्यार्थी पुढची तीन वाक्यं गमावतो.

हा लेख अशा विद्यार्थ्यांना नव्याने शिकवू लागलेल्या मराठी भाषकांसाठी आहे. विद्यार्थी रशियातला असेल, बेलारूस, कझाकस्तान किंवा किर्गिझस्तानातला असेल. तो रशियनमधून विचार करत असेल तर पद्धत तीच. त्याला इंग्रजीतला साधा भूतकाळ येतो, एवढं गृहीत धरलं आहे. तुम्हाला रशियन यायलाच हवं असं नाही, पण तिची ३३ अक्षरं ओळखता आली पाहिजेत. त्याला आठवडाभराची बैठक पुरते आणि पुढे तिचा रोज उपयोग होतो. खाली रशियन शब्द देवनागरीत लिहिले आहेत, उच्चार ढोबळ आहेत.

मुळात फ्रेजल व्हर्ब ही रशियन माणसाला परकी कल्पना नाही. हेच काम त्याची भाषा क्रियापदाला आधी उपसर्ग जोडून करते. 'पिसात्' म्हणजे लिहिणे. 'झापिसात्' म्हणजे टिपून घेणे, 'वीपिसात्' म्हणजे एखाद्या मजकुरातून हवं तेवढं उतरवून काढणे, 'पेरेपिसात्' म्हणजे पुन्हा लिहिणे, 'दोपिसात्' म्हणजे लिहून पूर्ण करणे, 'पोदपिसात्' म्हणजे सही करणे आणि 'स्पिसात्' म्हणजे परीक्षेत शेजाऱ्याचं बघून उतरवणे. धातू एकच, उपसर्ग बदलला की काम बदललं. 'राइट डाउन', 'राइट आउट', 'राइट ऑफ' यांत इंग्रजी तेच करते. फक्त तिचा तुकडा मागून येतो आणि सुटा असतो.

इथे मराठी शिक्षकाची बाजू भक्कम आहे, कारण आपल्याकडेही हीच सोय आहे, दुसऱ्या क्रियापदाच्या रूपात. 'लिहून घे', 'लिहून काढ', 'लिहून टाक' यांतला फरक आपल्याला समजावून घ्यावा लागत नाही. 'फाड' आणि 'फाडून टाक' यांच्यात जे अंतर आहे तेच 'टेअर' आणि 'टेअर अप' यांच्यात, आणि तेच रशियन 'र्वात्' आणि 'पोर्वात्' यांच्यात. 'खाऊन टाक' म्हणजे 'ईट अप', म्हणजे 'स्येस्त्'. तेव्हा 'अप' म्हणजे 'वर' असं सांगत बसू नका. काम पुरतं झालं, शिल्लक काही राहिलं नाही, हा अर्थ 'अप' कसा आणतो ते दाखवा. 'यूज अप', 'ड्रिंक अप', 'बर्न अप' एका दमात सुटतात.

पहिली पायरी: चाचणी

शिकवायला घेण्याआधी १२ प्रसंग सोप्या इंग्रजीत सांगा आणि प्रत्येकावर विद्यार्थ्याला एक वाक्य बोलायला लावा. लिहायला नाही, बोलायला. सकाळी सातला गजर झाला. खोलीतून निघताना दिवा चालू आहे. गाण्याचा आवाज फार मोठा आहे. मैत्रीण कामावर गेली, तिचं मूल तुमच्याकडे आहे. दूध संपलं. मीटिंग पुढच्या आठवड्यावर गेली. बँकेत फॉर्म दिला. शब्द अडला, डिक्शनरी जवळ आहे. लहानपण एका गावात गेलं. विमान सुटलं. दाराशी बूट काढायचे आहेत. नोकरी देऊ केली, ती नाकारली.

अपेक्षित उत्तरं 'गेट अप', 'टर्न ऑफ', 'टर्न डाउन', 'लुक आफ्टर', 'रन आउट ऑफ', 'पुट ऑफ', 'फिल इन', 'लुक अप', 'ग्रो अप', 'टेक ऑफ', पुन्हा 'टेक ऑफ' आणि पुन्हा 'टर्न डाउन'. शेवटची दोन मुद्दाम दुहेरी ठेवली आहेत. एकच जोडी दोन अर्थांनी वापरता येते का, हे त्यातून कळतं. चारपेक्षा कमी आली तर दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करा. चार ते आठ आली तर शब्द आहेत पण बसलेले नाहीत, म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर वेळ द्या. आठच्या वर गेला तर सरळ वाक्प्रचार घ्या.

दुसरी पायरी: उपसर्गावरून पार्टिकलकडे

विद्यार्थ्याला पाच रशियन क्रियापदं स्वतःच निवडू द्या. प्रत्येकाचा उपसर्ग काढून टाकायला सांगा आणि मग विचारा, उपसर्गामुळे नेमकं काय वाढलं? दिशा, पूर्णता, सुरुवात, पुन्हा करणं, की वेगळं होणं? हे उत्तर आलं की इंग्रजी पार्टिकल द्या, म्हणजे क्रियापदामागून येणारा 'अप', 'ऑफ', 'आउट' असा तुकडा. 'वीब्रोसित्' म्हणजे बाहेर फेकणे, म्हणून 'थ्रो आउट'. 'ओत्लोझित्' म्हणजे बाजूला ठेवणे, लांबणीवर टाकणे, म्हणून 'पुट ऑफ'. 'ओत्मेनित्' म्हणजे रद्द करणे, म्हणून 'कॉल ऑफ'.

एवढ्यावर विद्यार्थी खूश होतो आणि 'वी' म्हणजे 'आउट', 'ओत्' म्हणजे 'ऑफ' असं समीकरण वहीत लिहून घेतो. तिथेच थांबवा. 'वीरास्ति' म्हणजे 'ग्रो अप', 'वीक्ल्यूचित्' म्हणजे 'टर्न ऑफ', 'वीपित्' म्हणजे 'ड्रिंक अप'. तिन्हींत 'वी' आहे आणि 'आउट' एकातही नाही. 'ओत्काझात्स्या' म्हणजे नाकारणे, पण इंग्रजीत 'टर्न डाउन'. 'पोद' तर दोन्हीकडे जातो: 'पोद्व्येस्ति' म्हणजे ऐनवेळी तोंडघशी पाडणे, 'लेट डाउन', आणि 'पोदोब्रात्' म्हणजे खालून उचलून घेणे, 'पिक अप'. म्हणून अमुक उपसर्गाला अमुक पार्टिकल अशी यादी कधीच देऊ नका. पार्टिकल क्रियापदाच्या अर्थात काही भर घालतं, एवढी जाणीव रशियनमधून घ्यायची. नेमकी जोडी मात्र इंग्रजीतूनच शिकायची.

तिसरी पायरी: सर्वनामाची जागा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. रशियनमध्ये उपसर्ग क्रियापदाला घट्ट चिकटलेला असतो आणि सर्वनाम नंतर येतं: 'वीक्ल्यूची येवो', म्हणजे तो बंद कर. त्यामुळे विद्यार्थ्याच्या तोंडी सहज 'टर्न ऑफ इट' येतं. दोन तुकड्यांच्या मध्ये काही शिरू शकतं ही गोष्टच त्याच्या कानाला खटकते.

नियम असा सांगा. नाम असेल तर दोन्ही चालतं: 'टर्न ऑफ द लाइट', 'टर्न द लाइट ऑफ'. नाम लांबलचक असेल तर ते शेवटी गेलेलं बरं. सर्वनाम असेल तर मध्येच: 'टर्न इट ऑफ', 'पिक हिम अप', 'पुट देम ऑन'. यात सूट नाही.

मग विद्यार्थी उलटं करतो आणि 'लुक हर आफ्टर' म्हणू लागतो. त्यासाठी पार्टिकल ओळखायला शिकवा. 'अॅट', 'फॉर', 'आफ्टर', 'इन्टू', 'विथ' आणि 'चा' या अर्थाचं 'ऑफ' (of) हे मधली जागा देत नाहीत: 'लुक आफ्टर हर', 'रन इन्टू हिम', 'कोप विथ इट'. 'अप', 'डाउन', 'आउट', 'अवे', 'बॅक' आणि 'बंद, दूर' या अर्थाचं 'ऑफ' (off) बहुधा देतात. 'ऑन', 'ओव्हर', 'थ्रू', 'इन' दोन्ही बाजूंचे आहेत, ते जोडीगणिक पाठ करावे लागतात: 'पुट इट ऑन' पण 'गेट ओव्हर इट'. अपवाद एकच सांगून ठेवा: बसमधून उतरणं म्हणजे 'गेट ऑफ द बस', तिथे मध्ये काही येत नाही. तीन तुकड्यांच्या जोड्या, 'पुट अप विथ', 'रन आउट ऑफ', 'लुक फॉरवर्ड टु', अशा वापरात अखंड राहतात.

सराव तोंडी आणि वेगात करा. तुम्ही नामासकट वाक्य म्हणा, 'टेक ऑफ युअर शूज', विद्यार्थ्याने लगेच 'टेक देम ऑफ' म्हणायचं. दर मिनिटाला साधारण १२ वाक्यं. या वेगात नियम आठवायला सवड नसते, आणि तेच हवं आहे.

चौथी पायरी: आघात आणि जोडणी

'टर्न इट ऑफ' म्हणताना जोर 'ऑफ'वर पडतो. 'लुक अॅट इट'मध्ये 'लुक'वर, 'अॅट' दबतं. तिसऱ्या पायरीतला भेद असा कानालाही कळतो. मध्ये जागा देणारा तुकडा जोरात, न देणारा हळू. रशियनमधून एक चांगला आधार मिळतो. काम पूर्ण झाल्याचं सांगणाऱ्या क्रियापदांत 'वी' हा उपसर्ग असेल तर आघात नेहमी त्याच्यावरच असतो: 'वीक्ल्यूचित्', 'वीब्रोसित्', दोन्हींत पहिल्या अक्षरावर जोर. विद्यार्थ्याला सांगा, तुझ्या 'वी'ला देतोस तेवढा जोर 'ऑफ'ला दे.

रशियनमध्ये शब्दाच्या शेवटचं घोष व्यंजन अघोष होतं. म्हणून 'गिव्ह अप'चं 'गिफ अप' होतं. 'व्ह' नीट म्हण असं शंभरदा सांगून उपयोग नाही. ते व्यंजन पुढच्या स्वरावर ढकला: 'गि-व्हप', 'फाइन्-डाउट', 'पु-टि-टॉफ'. व्यंजन शब्दाच्या शेवटी उरलंच नाही की अघोष व्हायचा प्रश्न मिटतो आणि बोलणंही ओघवतं लागतं. 'वर्क आउट'मधल्या 'व'कडे मात्र दोघांनीही लक्ष द्या. रशियनमध्ये तो ओठ गोल करून म्हणायचा आवाज नाही आणि मराठी बोलणाऱ्यांचाही 'वाइन' आणि 'व्हाइन' एकसारखे ऐकू येतात.

पाचवी पायरी: किती आणि कोणते

हजारांची यादी बघून घाबरायचं कारण नाही. गार्डनर आणि डेव्हिस यांनी २००७ मध्ये ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा १० कोटी शब्दांचा संग्रह तपासला. सर्वाधिक वापरातल्या १०० फ्रेजल व्हर्बनी एकूण वापराचा निम्म्याहून थोडा जास्त भाग व्यापलेला दिसला. अडचण वेगळीच आहे: त्या शंभरांना सरासरी साडेपाच अर्थ आहेत. पुढे २०१५ मध्ये गार्निये आणि श्मिट यांनी १५० फ्रेजल व्हर्बची यादी केली आणि प्रत्येकाचे खरोखर वापरात येणारे अर्थच घेतले, तेव्हा सरासरी दोनच उरले. धोरण यातूनच ठरवा: जोड्या कमी, आणि प्रत्येकीचे दोनपेक्षा जास्त अर्थ नकोत.

आठवड्याला सहा पुरेत. अनेक पुस्तकं 'गेट'च्या सगळ्या जोड्या एका पानावर देतात. तसं करू नका. 'गेट ऑन', 'गेट ओव्हर', 'गेट बाय', 'गेट अवे विथ' एकाच दिवशी शिकलेला विद्यार्थी महिनाभर त्यांची अदलाबदल करत राहतो. प्रसंगावर बांधा: प्रवास, आजारपण, भाड्याचं घर, ऑफिस. भाड्याच्या घरात 'मूव्ह इन', 'मूव्ह आउट', 'ब्रेक डाउन', 'रन आउट ऑफ', 'पुट अप विथ', 'सॉर्ट आउट' आपोआप एकत्र येतात आणि एकमेकांशी गोंधळत नाहीत.

कार्डाच्या एका बाजूला रशियन प्रसंग पूर्ण वाक्यात, दुसऱ्या बाजूला सर्वनामासकट इंग्रजी वाक्य. सुटी जोडी आणि तिचा अर्थ असं कार्ड करू नका. त्यातून ओळख वाढते, बोलणं नाही.

फ्रेजल व्हर्ब म्हणजे गल्लीतली भाषा, असा समज काही विद्यार्थ्यांच्या मनात पक्का असतो, आणि टाळण्याचं तेही एक कारण असतं. त्यांना शोधनिबंधातली भाषा दाखवा: 'कॅरी आउट', 'पॉइंट आउट', 'सेट अप', 'अकाउंट फॉर' तिथे सर्रास असतात.

जाता जाता शब्दयोगी अव्ययं. 'स्मोत्रेत् ना' वरून 'लुक ऑन', 'झाविसेत् ओत्' वरून 'डिपेंड फ्रॉम', आणि रशियनमध्ये अव्यय लागतच नाही म्हणून 'लिसन म्यूझिक' आणि 'वेट मी'. या चार चुका जवळपास प्रत्येकाकडे सापडतात. पहिल्याच आठवड्यात त्या काढा.

वाक्प्रचार

इथे वेगळी शिस्त हवी. फ्रेजल व्हर्ब बोलता यायला हवेत. वाक्प्रचार आधी फक्त कळायला हवेत. आठवड्याला तीनपेक्षा जास्त नकोत आणि ते तीन ढिगांत वाटून द्या.

पहिला ढीग सोपा. चित्र सारखंच किंवा शेजारचं. रशियन माणूस एका गोळीत दोन ससे मारतो, इंग्रज एका दगडात दोन पक्षी, आपणही तेच. आपण राईचा पर्वत करतो, रशियन माणूस माशीचा हत्ती, इंग्रज चिचुंद्रीच्या उकिराचा डोंगर. नक्राश्रू तिन्हीकडे आहेत. यांवर वेळ घालवू नका.

दुसऱ्या ढिगात अर्थ एक, चित्र वेगळं, आणि विद्यार्थी रशियन चित्र शब्दशः इंग्रजीत नेतो. 'व्झ्यात् सेब्या व् रूकी', स्वतःला हातात घेणे, याचं तो 'टेक युअरसेल्फ इन हँड्स' करतो. हवं असतं 'पुल युअरसेल्फ टुगेदर'. 'सिदेत् ना शेये', मानेवर बसणे, म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणे. इंग्रजीत 'लिव्ह ऑफ समवन'. 'नये व् स्वोयेय तारेल्क्ये', आपल्या ताटात नसणे, म्हणजे अवघडल्यासारखं होणे; 'फील आउट ऑफ प्लेस'. डोंगरावर खेकडा शीळ घालेल तेव्हा, याला इंग्रजीत 'व्हेन पिग्ज फ्लाय'.

तिसरा ढीग फसवा आहे, आणि खरा वेळ इथेच द्यायचा. रशियनमध्ये पोत्यातलं मांजर विकत घेणं म्हणजे न बघता माल घेणं. इंग्रजीत त्याला 'बाय अ पिग इन अ पोक' म्हणतात, आणि पोत्यातलं मांजर बाहेर सोडणं म्हणजे गुपित फोडणं. 'वोदित् झा नोस', नाकाला धरून फिरवणे, म्हणजे रशियनमध्ये फसवत राहणे. इंग्रजीत 'लीड बाय द नोज' म्हणजे पूर्ण आपल्या कह्यात ठेवणे. 'बेलाया वोरोना', पांढरा कावळा, म्हणजे चारचौघांहून वेगळा माणूस, त्यात निंदा असेलच असं नाही. विद्यार्थी त्याला 'ब्लॅक शीप' म्हणतो आणि नकळत कुळाला बट्टा लावणारा असं म्हणून बसतो. कानांवर शेवया लटकवणे म्हणजे सरळ थापा मारणे; 'पुल समवन्स लेग' ही नुसती थट्टा आहे.

वाक्प्रचार जिवंत आहे का, हेही बघा. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' पुस्तकांत हमखास असतो, बोलण्यात क्वचित. 'इट्स पोअरिंग' द्या. 'ब्रेक अ लेग' प्रामुख्याने रंगमंचावर जाणाऱ्याला म्हणतात आणि त्याला उत्तर 'थँक्स'. रशियनमध्ये परीक्षेला निघालेल्याला 'नि पूखा नि पेरा' म्हणतात आणि त्याने 'क् चोर्तू', म्हणजे सैतानाकडे जा, असंच उत्तर द्यायचं असतं. तिथे आभार मानणं अशुभ समजतात. तुम्ही विद्यार्थ्याला शुभेच्छा दिल्यावर असं उत्तर आलं तर रागावू नका.

रशियनमध्ये आर्टिकल नाहीत, मराठीतही नाहीत, त्यामुळे वाक्प्रचारातलं 'अ' किंवा 'द' दोघांच्याही नजरेतून सुटतं. 'पीस ऑफ केक' नव्हे, 'अ पीस ऑफ केक'. 'आउट ऑफ द क्वेश्चन'मधलं 'द' गेलं तर वाक्यच अडखळतं. वाक्प्रचार कार्डावर लिहिताना आर्टिकल वेगळ्या रंगात लिहा.

५० मिनिटांचा तास

पहिली दहा मिनिटं मागच्या सहा जोड्या तोंडी, सर्वनामाच्या सरावासकट. पुढची पंधरा नवा प्रसंग: तुम्ही बोला, विद्यार्थी ऐकतो, पार्टिकल कुठे आलं ते टेबलावर टिचकी मारून दाखवतो. मग पंधरा मिनिटं त्याने तोच प्रसंग स्वतःचा म्हणून सांगायचा. मध्ये टोकू नका, चुका कागदावर घ्या. उरलेली दहा मिनिटं त्या चुका आणि एक वाक्प्रचार. वेळ कमी पडला तर वाक्प्रचार गाळा, बोलणं गाळू नका.

आपल्या इंग्रजीतल्या सवयी

भारतात चालणारे काही प्रयोग विद्यार्थी तुमच्याकडून जसेच्या तसे उचलतो आणि बाहेर अडचणीत येतो. 'कोप अप विथ' आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. जोडी नुसती 'कोप विथ' आहे. 'पास आउट' आपण पदवी मिळवली या अर्थाने वापरतो, ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाला ते बेशुद्ध पडलो असं ऐकू येतं; 'ग्रॅज्युएट' म्हणा. 'डिस्कस अबाउट'मध्ये 'अबाउट' नको, 'रिटर्न बॅक'मध्ये 'बॅक' नको. 'ऑफ द लाइट' यात क्रियापदच नाही. फॉर्म भरण्यासाठी ब्रिटनमध्ये बहुधा 'फिल इन' आणि अमेरिकेत 'फिल आउट'. दोन्ही बरोबर, विद्यार्थ्याला जिथे जायचं आहे तिथलं एक पक्कं करा. महिन्यातून एकदा स्वतःचा तास रेकॉर्ड करून फक्त तुमची वाक्यं ऐका आणि जिथे शंका येईल ती जोडी शिकाऊ विद्यार्थ्यांसाठीच्या एखाद्या इंग्रजी डिक्शनरीत पाहून घ्या; तिथे कर्म कुठे येतं तेही दाखवलेलं असतं.